रिकामी होती

मार्चमधली गोष्ट. रात्री जेवताना फोन चाळत होतो. चुलतभावाच्या स्टेटसला पंधरा सेकंदांचा एक व्हिडिओ होता. गावाकडं कुणाची तरी हळद, मागं डीजे, निळे-जांभळे दिवे आणि मधोमध त्याचा सात वर्षांचा पोरगा. डोळ्यांवर मोठ्यांचा गॉगल. दोन्ही हातांत एक काळं रिव्हॉल्व्हर. वजनानं त्याचे हात खाली झुकायचे, तो पुन्हा वर उचलायचा. कॅमेऱ्यामागून कुणीतरी म्हणालं, "इकडं बघ, इकडं." तो वळला. त्याच्याबरोबर नळीही वळली.

मी लगेच फोन लावला.

"खरं होतं का रे ते?"

"खरंच की. पाहुण्याचं हाय. लायसनचं." मग माझा आवाज ओळखून तो हसला. "रिकामं होतं दादा. गोळ्या काढूनच दिलं होतं त्यांनी."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. पुढं काही बोलता आलं नाही. कारण हेच वाक्य एकोणीस वर्षांपूर्वी मी म्हणालो होतो, आणि त्या वेळी नळीसमोर माझा हाच चुलतभाऊ उभा होता. त्याला ते आठवत नाही. तेव्हा तो सहा वर्षांचा होता, मी नऊ.

*

आमचं गाव कळंब तालुक्यात. मांजरा ओलांडली की बीड जिल्ह्यातला केज तालुका लागतो. घर वस्तीवर, म्हणजे शेतातच. गावापासून दीड किलोमीटर लांब. माझ्या आजोबांकडं, आबांकडं, बारा बोअरची दुनळी बंदूक होती. शेतीच्या आणि घराच्या रक्षणासाठी म्हणून सत्तरच्या दशकात परवाना काढलेला.

आबांना बंदूक का हवी होती, याचं कारण त्यांच्या लहानपणात होतं. 1948 साली ते आठ वर्षांचे होते. तेव्हा आमचा जिल्हा निजामाच्या संस्थानात होता. रझाकार आले अशी बातमी आली की बायका-पोरं बैलगाडीत घालून लोक बार्शीकडं पळायचे, कारण बार्शी संस्थानाबाहेर होती. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरल्या आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. त्यानंतर मुसलमान घरांवर तीच वेळ आली. पंडित सुंदरलाल समितीनं ज्या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी नोंदवली, त्यांत उस्मानाबाद होता. आबा दोन्ही गोष्टी सांगायचे. आणि दोन्हींतून त्यांनी एकच धडा घेतला होता: ज्याच्या घरात बंदूक, त्याच्या दारात कुणी येत नाही.

मी ओळखतो ते आबा फार शांत होते. बंदूक त्यांनी आयुष्यात किती वेळा उडवली असेल, ते हाताच्या बोटांवर मोजता येईल. बहुतेक वेळा रानडुकरांना हुसकावायला, हवेत. पण रात्री ती त्यांच्या बाजेशेजारी भिंतीला टेकवलेली असायची. आम्हा पोरांना तिचं कौतुक होतं, भीती नव्हती. घरात रोज दिसणाऱ्या वस्तूची भीती कशी वाटणार?

2006 ची खंडेनवमी. सकाळी आबांनी ओसरीवर बसून बंदूक खोलली, नळ्यांतून उजेडाकडं बघितलं, गजाला तेलाची चिंधी गुंडाळून आतून फिरवली आणि खट्कन मिटवली. पाट मांडला. पाटावर विळे, खुरपी, कुऱ्हाड, पाना-पेंचिस, ट्रॅक्टरची किल्ली, फवारणीच्या पंपाचा नोझल. सगळ्यांच्या मधे बंदूक. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. मग आबा आंघोळीला गेले. आजी नैवेद्याचं बघायला आत गेली.

मी हार बाजूला केला आणि बंदूक उचलली.

ती इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं. दस्ता पोटाला लावला, नळीखाली डावा हात घातला. अंगठ्यापाशी एक कळ असते, ती आबा पुढं सरकवतात, हे मी कित्येकदा बघितलं होतं. मीही सरकवली. चुलतभाऊ पायरीवर खोबरं खात बसला होता. मी ओरडलो, "हात वर!" त्यानं खोबऱ्याचा तुकडा दातांत धरून दोन्ही हात वर केले. हसत होता. मी चाप ओढला.

खट्.

तो "मेलो" म्हणत अंगणात आडवा पडला. पिक्चरमध्ये पडतात तसा, एक पाय हवेत झाडत.

मी वळलो तर न्हाणीच्या दारात आबा उभे. अंगावर पंचा, अंगातून पाणी निथळतंय. ते काही ओरडले नाहीत. जवळ आले, माझ्या हातातून बंदूक काढून घेतली, खोलली, दोन्ही नळ्यांत बघितलं. मी म्हणालो, "रिकामी होती आबा."

ते म्हणाले, "तुला ठावं होतं का?"

मला ठाऊक नव्हतं. खरं तर ती भरलेली आहे की रिकामी, हा विचारच माझ्या मनात आला नव्हता.

आबांनी खुंटीवरच्या बंडीच्या खिशात हात घातला आणि दोन लाल काडतुसं माझ्या तळहातावर ठेवली. "पहाटपस्तोर आतच होती," एवढंच म्हणाले. त्या महिन्यात आसपासच्या वस्त्यांवर चोऱ्या होत होत्या, म्हणून ते रात्री बंदूक भरून ठेवायचे. त्या दिवशी साफ करायची होती म्हणून काढली. खंडेनवमी एक दिवस उशिरा असती, तर चुलतभाऊ अंगणातून उठला नसता.

आबांनी मला मारलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आजीला म्हणाले, पोट बरं नाही. दसरा झाल्यावर कळंबहून पत्र्याचं जाड कपाट आणलं, भिंतीत पक्कं बसवून घेतलं. बंदूक त्यात. काडतुसं दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या करदोड्याला. भरलेली बंदूक बाजेशेजारी ठेवणं त्या दिवशी बंद झालं. आणि पुढच्या खंडेनवमीला पाटावर बंदूक नव्हती. आजीनं विचारलं तर म्हणाले, "तिला काय पूजायचं? ती काय पिकवती का?"

*

2023 मध्ये आबा गेले. बंदूक नियमाप्रमाणं जमा झाली. आता ती घरी आणायची की नाही, हा प्रश्न घरात आहे, आणि त्यात एक सही माझी आहे.

2016 च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी तरतूद आहे. परवानाधारक मेल्यावर वारस अर्ज करू शकतो. इतकंच नाही, परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा त्यानं 25 वर्षं शस्त्र बाळगलं, तर जिवंतपणीही ते वारसाच्या नावावर करता येतं. आबांच्या दोन्ही अटी कधीच पूर्ण झाल्या होत्या. माझे चुलते, अण्णा, दर दोन-तीन वर्षांनी विषय काढायचे. आबा म्हणायचे, "बघू." त्यांनी शेवटपर्यंत बघितलं नाही.

आता अण्णांनी अर्ज करायचा ठरवलंय. अर्जाला इतर वारसांचं ना-हरकत शपथपत्र जोडा, असं त्यांना सांगण्यात आलंय. माझे वडील नाहीत, म्हणून त्यांच्या जागी आईची आणि माझी सही. आई म्हणते, तू म्हणशील तसं. अण्णांचं वय बासष्ट. बंदूक कागदावर त्यांची असेल, पण ती कुणाच्या हातात असेल हे सगळ्या घराला माहीत आहे. ज्याच्या स्टेटसला तो व्हिडिओ होता, त्याच्या.

मी सवयीप्रमाणं नियम वाचायला बसलो. कागदावर आपला कायदा बराच कडक आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार 21 वर्षांखालच्या व्यक्तीला बंदूक बाळगता येत नाही. प्रशिक्षणापुरता अपवाद आहे, तोही अटींसह. परवाना जिल्हाधिकारी देतात, पोलिसांची चौकशी होते. शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं. बंदूक सुरक्षित ठेवीन असं हमीपत्र द्यावं लागतं. 2019 च्या दुरुस्तीनं एका माणसाकडं तीनऐवजी दोनच बंदुका ठेवल्या आणि लग्नात, मिरवणुकीत आनंदानं गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. त्याच दुरुस्तीनं परवान्याची मुदतही तीन वर्षांवरून पाच वर्षं केली.

म्हणजे कायदा पाच वर्षांतून एकदा माणसाला भेटतो. मधल्या अठराशे दिवसांत ती बंदूक कपाटात आहे की बाजेशेजारी, किल्ली करदोड्याला आहे की टीव्हीच्या वर, हे बघायला घरात कुणी येत नाही. आमच्या ओसरीवर जे झालं ते कोणत्याच कागदावर नाही. आबांचा परवाना वैध होता, चारित्र्य स्वच्छ होतं, बंदूक चोरीची नव्हती. कुणीही त्यांना जबाबदार बंदूकधारकच म्हटलं असतं. त्या सकाळपर्यंत मीही म्हटलं असतं.

*

अण्णांची बाजू खोटी नाही, हे मला इथं लिहिलं पाहिजे. मी पुण्यात अकराव्या मजल्यावर राहतो. खाली वॉचमन आहे, गेटवर कॅमेरा आहे. अण्णा मला म्हणाले, "तू एक रात्र वस्तीवर राहून दाव. मोटरी चोरीला जातेत, शेळ्या जातेत. पोलीस यायला तास लागतोय. मग बोल." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पण वस्तीची भीती आणि हळदीतला तो व्हिडिओ, या एकच गोष्ट नाहीत. गेल्या काही वर्षांत आमच्या भागात बंदूक राखणीची वस्तू राहिली नाही, ती गॉगल आणि स्कॉर्पिओच्या रांगेत जाऊन बसली. 9 डिसेंबर 2024 ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या झाली. त्यात बंदूक वापरली नव्हती. पण त्यानंतर बीड जिल्ह्याकडं सगळ्यांचं लक्ष गेलं, तेव्हा समजलं की एकट्या त्या जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने आहेत. कमरेला पिस्तूल लावलेले फोटो, हवेत गोळीबाराचे व्हिडिओ बाहेर आले. पुढं शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. हे नदीपलीकडचं, आमचं नाही, असं म्हणायची सोय नाही. सोयरीक नदीपलीकडंच असते. हळदीतलं रिव्हॉल्व्हर ज्यांचं होतं, ते पाहुणेही पलीकडचेच.

आणि त्या व्हिडिओत कुणी काही चोरून करत नव्हतं. पोरानं कपाट फोडून बंदूक काढली नव्हती. मोठ्यांनी ती त्याच्या हातात दिली होती, गॉगल दिला होता, "इकडं बघ" म्हटलं होतं. परदेशी बातम्या वाचून आपल्याला वाटतं की धोका म्हणजे मुलाला चुकून बंदूक सापडणं. आमच्याकडं ती सापडावी लागत नाही. ती ओवाळून हातात मिळते.

*

या काळात मी बरंच वाचलं. एक अभ्यास डोक्यातून गेला नाही. 2001 मध्ये 'पीडियाट्रिक्स' या अमेरिकन नियतकालिकात तो आला होता. आठ ते बारा वर्षांच्या 64 मुलग्यांना दोन-दोन, तीन-तीनच्या गटांत एका खोलीत ठेवलं. ड्रॉवरमध्ये एक खरं पिस्तूल होतं, गोळी उडणार नाही असं केलेलं. आरशामागून निरीक्षण चाललं होतं. 29 गटांपैकी 21 गटांना पिस्तूल सापडलं. 16 गटांनी ते हाताळलं. 10 गटांत कुणी ना कुणी चाप ओढला. ज्यांनी हाताळलं किंवा चाप ओढला, त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांनी सांगितलं, की बंदुकीच्या सुरक्षिततेबद्दल त्यांना आधी काही ना काही शिकवलेलं होतं.

मला एवढंच वाटलं, की म्हणजे मी एकटा नव्हतो. नऊ वर्षांचा मुलगा वाईट नसतो. तो नऊ वर्षांचा असतो. "आमचा पोरगा हुशार आहे, हात लावणार नाही," या वाक्यावर कुणी विसंबू नये.

31 जुलै 2024 ला बिहारमधल्या सुपौल जिल्ह्यात नर्सरीतला पाच वर्षांचा मुलगा दप्तरातून पिस्तूल घेऊन शाळेत आला आणि तिसरीतल्या मुलावर गोळी झाडली. गोळी हाताला लागली, मुलगा वाचला. दुसऱ्याच दिवशी, 1 ऑगस्टला, पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकलं. ऑफिसात आम्ही मोठ्या स्क्रीनवर ते बघितलं, पेढे वाटले. दोन बातम्या चोवीस तासांच्या अंतरानं आल्या आणि मला तेव्हा त्यांचा संबंध दिसला नाही.

मुलांच्या हातात बंदूक नकोच, असं मी म्हणत नाही. स्वप्निलही शाळकरी वयातच या खेळात आला. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत याही कोल्हापूरच्याच. पण रेंजवर पोराच्या हातात बंदूक येण्याआधी नियम येतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. नळी कायम लक्ष्याच्या दिशेनं. आदेश येईपर्यंत बोट चापाबाहेर. नेम झाला की चेंबरमध्ये रंगीत फ्लॅग घालायचा, म्हणजे ती रिकामी असल्याचं लांबूनही दिसेल. तिथं "रिकामी होती" हे वाक्य कुणी ऐकून घेत नाही.

माझ्या कामातही हे वाक्य वेगळ्या रूपात भेटतं. कुणीतरी घाईत एक कमांड चालवतो, ग्राहकांचा खरा डेटा उडतो, आणि मीटिंगमध्ये तो म्हणतो, "मला वाटलं हा टेस्ट सर्व्हर आहे." त्याला कुणी खोटारडा म्हणत नाही. त्याला तसं वाटलंच होतं. म्हणूनच आम्ही वाटण्यावर सोडत नाही. मध्ये कुलपं घालतो, दुसऱ्याची मंजुरी लावतो, सगळ्यांना सगळीकडं हात घालू देत नाही. आबांना संगणक कधी सुरू करता आला नाही. पण दोन कुलपं, दोन खोल्या आणि करदोड्याला किल्ल्या ही रचना त्यांना एका सकाळीत सुचली.

*

कॉलेजातला एक मित्र आता टेक्सासमध्ये असतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, त्याची बायको मुलीला कुणाकडं खेळायला पाठवण्याआधी फोन करून विचारते, तुमच्याकडं कुत्रा आहे का, पोहण्याचा तलाव आहे का, आणि बंदूक आहे का, असली तर कुलपात आहे का. पहिल्यांदा विचारताना तिची जीभ अडखळली होती. आता ती ॲलर्जी विचारावी तसं विचारते.

त्या देशात 2020 पासून एक वर्षावरच्या मुलांच्या आणि किशोरांच्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण बंदूक आहे. मुलांच्या हाती लागेल अशी बंदूक ठेवणाऱ्याला जबाबदार धरणारा कायदा फ्लोरिडानं 1989 मध्येच केला, पुढं इतर राज्यांनी केला. 2021 मध्ये मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेत पंधरा वर्षांच्या मुलानं चार विद्यार्थ्यांना मारलं. पिस्तूल बापानं चार दिवसांपूर्वी घेतलेलं. 2024 मध्ये आई आणि बाप दोघांनाही दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडं बंदुका त्यामानानं फार कमी आहेत, हे आपलं नशीब. पण मित्राच्या बायकोसारखा प्रश्न आपण एकमेकांना विचारत नाही. मी हळदीत असतो तर त्या पाहुण्यांना विचारलं असतं का? नसतं विचारलं. पाहुण्यांचा मान राहिला पाहिजे, म्हणून.

*

मे महिन्यात गावी गेलो. संध्याकाळी चुलतभाऊ आणि मी बांधावर बसलो होतो. त्यानं शपथपत्राचं विचारलं. मी म्हटलं, आधी एक सांगायचंय, आणि खंडेनवमीची गोष्ट सांगितली. खोबऱ्याचा तुकडा, "मेलो", आबांच्या बंडीतली काडतुसं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच तोंडातून काढली.

तो आधी हसला. "काय सांगायलास." मग बराच वेळ काही बोलला नाही. पोरगा खाली पाटात मोकळ्या बाटलीनं पाणी भरत होता, त्याच्याकडं बघत राहिला.

"आबा मला कपाटापाशी फिरकूबी देत नव्हते," शेवटी म्हणाला. "मला वाटायचं माझ्यावर भरवसा न्हाई त्यांचा."

"माझ्यावर नव्हता," मी म्हटलं. "आणि स्वतःवर."

त्यानं शपथपत्राचं पुन्हा काढलं नाही. मीही काढलं नाही. मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. बंदूक कपाटात आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत, आबांच्या वेळेसारखी. किल्ल्या फक्त अण्णांच्या अंगावर. आणि कुणाच्याही लग्नात, कुणाचीही, पोराच्या हातात नाही. पहिल्या दोन गोष्टींना तो लगेच "हां" म्हणाला. तिसऱ्याला म्हणाला, "पाहुण्यांना कसं न्हाई म्हणायचं दादा?"

अण्णांची गरज खरी आहे, हे मला पटतं. पण ज्याला पाहुण्यांना "नाही" म्हणता येत नाही, त्याच्या घरी ती बंदूक जाऊ नये, असंही वाटतं. मी अजून सही केलेली नाही. कागद माझ्या टेबलाच्या खणात आहे.

परत निघताना गाडीपाशी पोरगा आला. म्हणाला, "काका, तुम्ही माझा व्हिडिओ बघितला का? खरं होतं ते."

"भरलेलं होतं का?" मी विचारलं.

त्यानं बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं. खांदे उडवले.

"मला काय ठावं?"